टिकवायच्या पदार्थात ‘मीठ चवीनुसार’ लिहू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतलं घरकामाचं पान मी सगळ्यात आधी उघडते, बाकीचा पेपर नंतर. ऋतू बदलला की बरणीत काय भरायचं, कुंडीत काय लावायचं, संध्याकाळी हातात विणायला काय घ्यायचं, सगळं एका पानावर मिळतं आणि फोटो बघून हात शिवशिवायला लागतात. म्हणूनच हे पत्र लिहितेय, कारण फोटो बघून माणूस उत्साहाने कामाला लागतो आणि नेमकं जिथे अडतं तिथे कृतीत लिहिलेलं असतं ‘मीठ चवीनुसार’, ‘पाणी गरजेप्रमाणे’, ‘घट्ट होईपर्यंत शिजवा’. रोजच्या भाजीला हे चालतं, कमी पडलं तर वरून घालता येतं. पण महिना दोन महिने टिकवायच्या भाजीत मीठ मुळात चवीसाठी नसतंच, ते राखणीला बसवलेलं असतं, आणि ते किती हवं ते जिभेला कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी गारठा सुरू झाला तेव्हा मी पहिल्यांदा कोबी आणि गाजर आंबवायला घेतलं. एका ठिकाणी छापून आलेली कृती होती, सोपी होती, फोटो सुंदर. कोबी बारीक चिरला, गाजर किसलं, चव बघत बघत मीठ घातलं, कोशिंबिरीला घालतो तसं, बरणी भरली, झाकण लावलं आणि वाट बघत बसले. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबट वास नाही, कुजका वास, आणि चमच्याने उचलायला गेले तर तार सुटत होती. किलोभर भाजी टाकून दिली. त्यापेक्षा वाईट हे की पुढचं अख्खं वर्ष मी त्या वाटेला गेले नाही, मला वाटलं आपल्या हाताला हे जमत नाही. मैत्रिणी, शेजारणी, नव्याने घर लावलेली मुलं, कितीतरी जण हेच म्हणतात, माझ्या हाताला नाही जमत. हात चांगला असतो हो त्यांचा, कृतीतच आकडा नसतो.

आकडा असा आहे. भाजीच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ, म्हणजे किलोला २० ते २५ ग्रॅम. एवढं मीठ असलं की भाजी नासवणारे बरेचसे जिवाणू मागे पडतात आणि आंबट करणारे, लॅक्टिक आम्ल बनवणारे जे असतात ते तग धरतात, काही दिवसांत तेच सगळी बरणी ताब्यात घेतात आणि आंबटपणा इतका वाढतो की दुसऱ्या कुणाला शिरायला जागा उरत नाही. मीठ फार कमी पडलं तर भाजी मऊ होऊन चिकट होते, फार जास्त झालं तर आंबायचंच रखडतं. आणि चमच्याने मोजून भागत नाही, कारण बारीक मीठ आणि जाडं मीठ यांचा चमचा वजनाला सारखा भरत नाही. ‘दोन चमचे मीठ’ असं छापलं की दोन घरांत दोन वेगळ्या बरण्या होतात.

वर्षभराने पुन्हा केलं तेव्हा काटा घेतला. एक किलो कोबी, २२ ग्रॅम मीठ, आणि दोन्ही हातांनी दहा मिनिटं चुरलं. आधी तो कोबी कडक असतो, हाताला टोचतो, कुरकुर आवाज करतो, मग एकदम हातात ढिला पडतो आणि परातीच्या तळाशी पाणी दिसायला लागतं, वरून एक थेंब पाणी घातलेलं नसताना. बरणीत दाबून भरला की ते पाणी भाजीच्या वर यायला हवं, भाजी बुडलेली राहायला हवी, म्हणून वरून एक छोटी काचेची वाटी दाबून ठेवली. झाकण घट्ट पिळायचं नाही, आत गॅस होतो, त्याला वाट लागते. तिसऱ्या दिवशी कडेकडेने बुडबुडे, पाणी गढूळ, आणि वास असा की स्वच्छ आंबट, नाकाला बरा वाटणारा. त्या बरणीसमोर मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. हे एवढं चार ओळींत छापता येतं आणि कुणीतरी एक वर्ष आधी सुरुवात करू शकतं.

आता कुणी म्हणेल, आपल्या आया-आज्यांनी कुठे काटा घेतला होता, त्या अंदाजाने करायच्या आणि काही बिघडायचं नाही. मलाही असंच वाटायचं. मग एकदा आईला म्हटलं, तू घालतेस तेवढं मीठ घे. तिची कृती एवढीच, किलोला एक मूठ. तिने मूठ भरली, मी काट्यावर वाटी ठेवली होती त्यात तिला सोडायला लावली. २७ ग्रॅम. आई, परत घे. २६. परत. २८. परत, २७. चार वेळा तिने न बघता मूठ भरली आणि दोन ग्रॅमच्या आत राहिली. मग मी माझी मूठ भरली, ३४ ग्रॅम आली, दुसऱ्यांदा ४०. माझा हात मोठा आहे आणि मला मूठ कुठे थांबवायची ते माहीत नाही. तिचा अंदाज म्हणजे चाळीस वर्षं एकाच हाताने, एकाच डब्यातलं, एकाच जाडीचं मीठ घेऊन पक्कं झालेलं माप होतं, फक्त ते तिच्या हातात होतं, कागदावर नव्हतं. ‘एक मूठ’ असं लिहून घेतलं की शब्द आपल्याकडे येतो आणि माप तिच्याकडेच राहतं. म्हणून जुन्या माणसांच्या कृती छापताना तर आकडे जास्तच हवेत, त्यांचा मान राखायचा असेल तर त्यांची मूठ काट्यावर घ्या.

इतिहासातही असंच झालंय. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या मिठाई करणाऱ्या माणसाने बंद बाटलीत अन्न उकळून टिकवायची पद्धत बसवली, सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले ते पद्धत छापून सगळ्यांना खुली करायच्या अटीवर, आणि १८१० साली त्याने ती छापली, कुठला पदार्थ किती वेळ उकळायचा ते एकेकाचं लिहून. अन्न का टिकतं हे त्याला स्वतःला कळलेलं नव्हतं, सूक्ष्मजीवांचं कोडं लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कामातून सुटलं ते त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. पण वेळ लिहिलेली होती म्हणून दुसऱ्या कुणालाही ते करून बघता आलं. ‘शिजेपर्यंत उकळा’ एवढंच लिहिलं असतं तर ती विद्या त्याच्या भटारखान्यातच राहिली असती.

आणि काही ठिकाणी हा प्रश्न भाजी वाया जाण्याचा नसतो, जिवाचा असतो, ते आवर्जून सांगते. कच्च्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवून सुंदर बाटलीत भरून ओट्यावर ठेवलेल्या फोटोंची हौस सगळीकडे दिसते. लसणाला आंबटपणा नाही, तेलाखाली हवा नाही, आणि ओट्यावर ऊब असते, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष करणाऱ्या जिवाणूला जे जे लागतं ते सगळं तिथे आहे, आणि ते विष झालं तरी वास बदलेलच, चव बदलेलच असं नसतं. असं तेल फ्रीजमध्ये ठेवायचं आणि चार दिवसांत संपवायचं. सामू (pH, आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेसा आंबटपणा असला की हा जिवाणू वाढू शकत नाही, म्हणूनच लोणच्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस किती हे ‘आवडीप्रमाणे’ लिहून चालत नाही. ज्या पानावर हा फोटो येतो त्या पानावर ही ओळ यायलाच हवी. जागा नसेल तर फोटो लहान करा.

जॅमचं एक सांगते आणि पुढे जाते. ‘घट्ट होईपर्यंत शिजवा’ असं वाचून सगळे जण फसतात, कारण गरम जॅम पातळच असतो, तो गार झाल्यावर धरतो. पातेल्यात घट्ट दिसेपर्यंत शिजवला की दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा घुसत नाही. थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश, उंचावर राहणाऱ्यांना दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरायचा. थर्मामीटर नसेल तर बशी फ्रीजरमध्ये गार करायची, थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा, वर सुरकुती पडली की गॅस बंद. यात कुठलंही यंत्र नाही, फक्त काय बघायचं ते सांगितलेलं आहे.

बागेच्या मजकुरातही तीच गोष्ट, तिथे ‘रोज पाणी घाला’ असतं. माझ्या टोमॅटोला दोन वर्षं असं व्हायचं की फळ हिरवंगार चांगलं वाढायचं आणि मग बुडाशी एक पाणचट डाग, तो वाढत वाढत काळा, चामड्यासारखा सुकलेला. रोग समजून मी दोनदा फवारणी केली, एकाने सांगितलं म्हणून. तो रोग नव्हताच. फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की हे होतं, आणि कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, त्यामुळे कधी कुंडी कोरडी ठक्क आणि कधी चिखल असं पाणी पडलं की मातीत कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहतं. मी रोज पाणी घालत होते, पण उन्हाच्या दिवशी तेवढंच आणि ढगाळ दिवशीही तेवढंच. आता बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालते, आत ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर तळातून वाहेपर्यंत, आणि वर वाळक्या पानांचा जाड थर. गेल्या हंगामात काळ्या बुडाची फळं फक्त सुरुवातीला आली, मग थांबली.

पेरणीचे महिने छापता त्याचंही बघा. ‘मार्चमध्ये पेरा’ म्हणजे कुणी? पृथ्वीच्या एका अर्ध्या भागात मार्चला ऊन वाढत असतं, दुसऱ्या अर्ध्यात उतरत असतं, आणि आता पेपर जगभर मोबाइलवर वाचला जातो. ते सोडा, एकाच इमारतीत गच्चीवरची कुंडी आणि मागच्या सावलीतला वाफा यांचे ऋतू वेगळे असतात. त्यापेक्षा मातीचं तापमान लिहा. मटार पाच-सात अंशांच्या गार मातीतसुद्धा उगवायला लागतो, घेवडा आणि काकडी १६ अंशांच्या वर माती तापल्याशिवाय टाकूच नयेत, बी आतच सडतं. लेट्यूसचं उलटं, माती तीस अंशांच्या आसपास गेली की बी झोपून राहतं आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो की बियाणं खराब दिलं. साधा थर्मामीटर सकाळी दोन इंच मातीत खुपसून बघायचा, एवढंच काम आहे. आणि बियाणं खराब आहे की चांगलं हेही कळतं, दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, किती मोड आले ते मोजायचं. कांद्याचं बी वर्ष दोन वर्षांत दम सोडतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

मी आता एक वही करते. कुठल्या झाडाला पहिलं पान कधी फुटलं, पहिली कळी कधी आली, माती किती तापलेली होती, कुठल्या दिवशी काय पेरलं आणि किती दिवसांनी वर आलं. इंग्लंडमध्ये नॉरफोकला रॉबर्ट मार्शम म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी १७३६ पासून अशा नोंदी ठेवायला सुरुवात केली, पहिलं फूल, पहिलं पान, बेडकांचा पहिला आवाज, आणि त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. आज हवामान कसं बदललं ते बघणारे लोक त्या नोंदी काढून अभ्यास करतात. माझ्या वहीला एवढा मोठा काही उपयोग व्हावा अशी अपेक्षा नाही, पण तीन वर्षांत मला एवढं कळलं की माझ्या कुंडीत घेवडा कधी टाकायचा ते कॅलेंडरपेक्षा समोरच्या झाडाची पालवी जास्त बरोबर सांगते.

विणकामाबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तिथे वाया जातो तो वेळ. स्वेटरचा नमुना देताना तुम्ही सुईचा नंबर आणि टाके छापता, ‘२२० टाके घाला’. नमुना ज्या बाईने विणला तिच्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील, म्हणजे तिचा घेर १०० सेंटिमीटर. माझा हात सैल आहे, त्याच सुईवर मला २० बसतात. तेच २२० टाके माझ्या हातात ११० सेंटिमीटर होतात, म्हणजे स्वेटर एक मोठं माप वर गेला, आणि हे मला कधी कळतं, तर धड पूर्ण विणून अंगाला लावून बघितल्यावर, वीस संध्याकाळी गेल्यावर. पहिलंच स्वेटर विणणारी मुलगी तिथे सुया ठेवून देते आणि पुन्हा हातात घेत नाही, मी दोघीजणी बघितल्यात. आधी पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुऊन वाळवा, मग मधले दहा सेंटिमीटर मोजा, ही एक ओळ टाकली की हे टळतं. धुणं विसरायचं नाही, लोकर पहिल्या पाण्यानंतर पसरते किंवा आवळते, न धुता मोजलेलं माप फसवतं. आणि दहा सेंटिमीटरला किती टाके ते छापा, सुईचा नंबर नंतर.

लोकर घरी रंगवायची कृती आली होती, कांद्याच्या सालींची. रंग खरंच सुंदर येतो, पिवळ्यापासून तांबूस केशरीपर्यंत. पण ‘थोडी तुरटी’ म्हणजे किती? कोरड्या लोकरीच्या वजनाच्या दहा ते बारा टक्के, १०० ग्रॅम लोकरीला १० ते १२ ग्रॅम. जास्त टाकली तर लोकर हाताला चिकट लागते, कमी पडली तर रंग नीट धरत नाही. रंगाचं पातेलं स्वयंपाकाला परत वापरायचं नाही, हेही लिहा. आणि पाणी सावकाश तापवायचं, सावकाश गार होऊ द्यायचं, ढवळाढवळ करायची नाही, नाहीतर लोकरीचे धागे एकमेकांत अडकून नमद्यासारखा गोळा होतो आणि तो गोळा परत सुटत नाही.

मोजमापाने मजा जाते असं म्हणणारे भेटतात, माझ्या घरीच आहेत. मला तसं मुळीच वाटत नाही. काटा घेऊन सलग दोन वर्षं केल्यावर परवा मी न मोजता मूठभर मीठ वाटीत टाकलं आणि मग वजन केलं, २५ ग्रॅम आलं. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, आता काटा उचलून ठेव. मी ठेवला नाही, पण मला फार बरं वाटलं.

तर विनंती एवढी आहे. टिकवायच्या पदार्थाची कृती ग्रॅममध्ये छापा, भांडं किती मोठं तेही द्या, झालं हे डोळ्याला, नाकाला, बोटाला कसं कळेल ते लिहा, आणि बिघडलं तर कसं दिसतं, केव्हा टाकून द्यायचं, तेही लिहा. आंबवलेल्या भाजीवर पांढरा पातळ थर आला म्हणून घाबरून सगळी बरणी ओतून देणारे आहेत आणि रंगीत केसाळ बुरशी चमच्याने काढून खाणारेही आहेत, पहिल्यांनी थर काढून टाकला की बऱ्याचदा भागतं, दुसऱ्यांनी बरणी टाकायलाच हवी, आणि कुठलं कुठलं हे दाखवायला दोन फोटो पुरतात. कृती छापायच्या आधी कार्यालयातल्या कुणीतरी, ज्याने ती कधी केलेली नाही अशा माणसाने, फक्त छापील मजकूर वाचून एकदा करून बघावी. आणि जमलं तर महिन्यातून एकदा एक चौकट वाचकांच्या फसलेल्या प्रयत्नांना द्या, काय केलं, किती घातलं, काय झालं. माझ्या तार सुटलेल्या कोबीपासून सुरुवात केलीत तरी हरकत नाही.

माझ्या वहीतली या ऋतूची पानं हवी असतील तर फोटो काढून पाठवते. सध्या ओट्यावर काकडीची बरणी आहे, ८०० ग्रॅम काकडी, ७०० मिली पाणी, आणि दोन्हीच्या मिळून वजनाच्या तीन टक्के म्हणजे ४५ ग्रॅम मीठ, आज चौथा दिवस, पाणी गढूळ व्हायला लागलंय. सातव्या दिवशी चाखणार आहे, कशी झाली ते कळवते.

आपली,
दर आठवड्याला पुरवणी जपून ठेवणारी एक वाचक